रावजी ऐकतील

मद्रासला आल्यावर घराबाहेर मी पहिलं मराठी ऐकलं, ते एक पोलिस घोड्याशी बोलत होता तेव्हा.

ह्यांची बदली झाली म्हणून साताऱ्याहून उठून आम्ही मैलापूरला बिऱ्हाड मांडलं, त्याला तीन आठवडे झाले होते. त्या तीन आठवड्यांत मी ह्यांच्याखेरीज कुणाशीही बोलले नव्हते, आणि हे मुळातच मोजकं बोलणारे. सकाळी जेवून नुंगंबाक्कमच्या कचेरीत गेले की संध्याकाळपर्यंत घरात मी आणि भिंती. भाजीवालीशी बोटांनी आणि दूधवाल्याशी मानेनं असा माझा कारभार चालला होता. माहेर माझं मास्तराचं, तोंड बंद ठेवायची सवय आमच्यात कुणालाच नाही. एका रविवारी हे मला समुद्रावर घेऊन गेले. कुठलीशी सभा नुकतीच संपली होती, माणसं वाळूत पांगली होती, आणि मी मुकाट्यानं सुंडल खात उभी होते. सुंडल म्हणजे वर खोबरं पेरलेली हरभऱ्याची उसळ. एवढ्यात मागून, माझ्या डोक्याच्याही वरून, आवाज आला.

"सबूर, रावजी. लेकरं आहेत. पाय हळूं टाका."

मी गर्रकन वळले. उंचापुरा, तांबूस अंगाचा कुमैत घोडा होता, आणि त्यावर खाकी पोशाखातला, टोकाला पांढऱ्या झालेल्या मिशांचा पन्नाशीचा माणूस. रीतभात सगळी विसरून मी निऱ्या धरून त्या घोड्याच्या बाजूनं चालायला लागले आणि वर बघत विचारलं, तुम्ही मराठी का हो. तो माणूस नाकासमोर बघत राहिला. दहा पावलं गेल्यावर मान न वळवता म्हणाला, "होय. ड्यूटीवर आहें, अम्मा. मैलापुरांत कोणासही तुळजाराव दफेदार म्हणून विचारा." मग घोड्याला म्हणाला, "चला, रावजी."

मी तिथेच वाळूत उभी राहून रडले. ह्यांना वाटलं, सुंडल तिखट लागलं.

विचारावं लागलंच नाही. दफेदारांचं घर आमच्या मागच्याच गल्लीत निघालं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचा ओटा दिसायचा, आणि मी तीन आठवडे तिथे उभी राहून भांडी घासत माझ्या नशिबाला बोल लावत होते. दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या दारात हजर झाले. त्या दिवसापासून ते माझे मामा झाले आणि मी त्यांची अक्का, ते माझ्याहून तीस वर्षांनी मोठे असून.

मामांचे पूर्वज कधीकाळी घोड्यांबरोबरच तंजावरला आले, असं ते सांगत. किती पिढ्या झाल्या ते त्यांना सांगता येत नसे. पणजोबांपर्यंत नावं यायची, त्यापलीकडे "राजाचे वेळीं" एवढंच. वडील राजवाड्याच्या उरल्यासुरल्या पागेत होते. पागा मोडली तेव्हा मामा मद्रासला येऊन शहर पोलिसांच्या घोडेस्वारांत भरती झाले. मला हा इतिहास एका बैठकीत कळला आणि पुढे त्यांनी तो कधी उगाळला नाही. त्यांना घोड्यांविषयी बोलायचं असे.

घोड्याचं कागदोपत्री नाव रीजंट. पागेतल्या सगळ्याच घोड्यांना अशी साहेबी नावं होती. मामांनी त्याला पहिल्या दिवसापासून रावजी केलं, आणि नुसतं रावजी नव्हे, तर अहोजाहो. "या, रावजी", "पाणी घ्या", "उजवीकडे सरा". स्वतःच्या मुलांना अरेतुरे आणि जनावराला अहोजाहो, याचं मला फार हसू यायचं. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. मामा गंभीरपणे म्हणाले की मुलगा अंगावरून पाडत नाही, घोडा पाडू शकतो.

बोलण्यावरच सगळं चालायचं त्यांचं. लगाम हातात असायचा तो कायद्यापुरता. ते हळू आवाजात एकेक शब्द सांगत आणि घोडा त्याप्रमाणे थांबायचा, सरायचा, एका जागी पाय रोवून उभा राहायचा. देवळाच्या रथोत्सवात मी ते डोळ्यांनी पाहिलं. रथाच्या दोरापाशी गर्दीचा लोंढा आला आणि एक चारपाच वर्षांची पोर लोटली जाऊन नेमकी रावजीच्या पायांत पडली. तिची आई किंचाळली. मामांनी लगाम ओढला नाही. वाकून घोड्याच्या कानात "उभे राहा, रावजी, उभे राहा" एवढं म्हणत राहिले, अगदी घरातल्या आजाऱ्याला समजावतात तसं. चारी बाजूंनी ढोल, नादस्वर, माणसांचा आरडाओरडा, आणि तो एवढा थोरला घोडा पाय न हलवता उभा. पोरीला कुणीतरी ओढून काढलं. मग मामांनी रावजीला आडवं घेतलं आणि त्याच्या खांद्यानं गर्दी हळूहळू मागे सारली. त्यांच्या उभ्या नोकरीत लाठी क्वचितच वर उचलली गेली असेल. लाठीनं माणसाला राग येतो आणि घोड्याच्या खांद्यानं लाज वाटते, असं त्यांचं मत होतं.

मामांच्या बाहेरच्या खोलीत देवांच्या तसबिरींशेजारी दुसरी एक रांग होती. देशोदेशींच्या घोडेस्वार पोलिसांची चित्रं. मूर मार्केटातून जुनी इंग्रजी मासिकं आणायची, कात्रीनं चित्र कापायचं, खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवायचं. लाल डगल्याचे कॅनडाचे होते, लंडनचे होते, कुठल्यातरी बर्फाच्या गावातले टोपीवर पिसं लावलेलेही होते. नव्या माणसाला ते एकेक चित्र दाखवत आणि प्रत्येकाचा निकाल लावत. ह्याची टाच बघा, घोडा रागावलेला आहे. हा नुसता फोटोसाठी बसला आहे. ही घोडी भली आहे, माणूस कामाचा नाही. कॅनडाच्या एका स्वारावर मात्र त्यांची मर्जी होती, कारण त्याचं तोंड किंचित उघडं होतं. "हा त्याशी बोलतो आहे," मामा म्हणायचे. मग हमखास पुढचा प्रश्न येई, की तो कुठल्या भाषेत बोलत असेल. लंडनचा शिपाई घोड्याशी इंग्रजी बोलतो त्याला कुणी हसत नाही, मग मी मराठी बोललो तर पागेत का हसतात, ही त्यांची जुनी तक्रार होती.

पागेत हसत, कारण तिथे मराठी येणारं दुसरं कुणीच नव्हतं. खरं तर घरातही नव्हतं. कमलाअम्मांना, म्हणजे मामांच्या पत्नीला, सगळं समजायचं पण उत्तर तमिळमध्ये यायचं. थोरला बाबू कचेरीत इंग्रजी बोले आणि घरात तमिळ. मराठी ऐकलं की तो पाहुण्यासारखं हसायचा. धाकटी सासरी गेलेली. बाबू एकदा ह्यांना इंग्रजीत म्हणाला होता की अप्पा आम्हाला हुकूम देतात आणि गप्पा घोड्याशी मारतात. हे मी मामांना सांगितलं. वाटलं, रागावतील. मामा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "रावजी परत तमिळांत उत्तर देत नाहीत, अक्का."

मी त्यांचं मराठी सुधारायला घेतलं होतं, हे आता सांगायची मला लाज वाटते. मास्तराची मुलगी ना मी. ते "हुडकतों" म्हणाले की मी "शोधतो" म्हणायची. ते "अस्के लोक" म्हणाले की मी म्हणायची, सगळे लोक. दोनतीन महिने त्यांनी निमूट ऐकून घेतलं. मग एक दिवस कॉफीचा पेला खाली ठेवून म्हणाले, "तुमची मराठी नवी, अक्का. आमची ती तुमच्या आजोबांच्या आजोबांची. आतां ती मज मोडायला सांगूं नका." मी कानाला खडा लावला. पुढे त्यांचे शब्द माझ्याच तोंडी बसले, आणि हे मला चिडवायला लागले.

महाराष्ट्र मामांनी पाहिला नव्हता. सातारा माझ्या तोंडून ऐकायला त्यांना फार आवडे. डोंगर किती उंच, नदीला पाणी केव्हा, असलं काहीबाही विचारायचे. एकदा म्हणाले, "तिकडे अस्के घोडे मराठी समजतात काय?" मी हसत सुटले. म्हटलं, मामा, तिकडे घोडे राहिलेत कुठे, आता मोटारी आल्या. मामा बराच वेळ ओट्यावर पाय हलवत बसले आणि मला वाटलं, हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

त्यांचा एक नेम होता. घोडा जेवल्याशिवाय स्वारानं जेवायचं नाही. वडिलांनी घालून दिलेला, आणि मामांनी उभ्या जन्मात मोडला नाही. दुपारी साडेबाराला पागेत दाणा पडायचा, त्यानंतर ते घास घेत. आम्ही नवे असताना दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना जेवायला बोलावलं. सुट्टीचा दिवस होता. साडेअकराला पानं वाढली. पुऱ्या टम्म फुगलेल्या, श्रीखंड घरी केलेलं. मामा पानावर बसले, चित्राहुती घातली आणि हात मांडीवर ठेवून गप्पा मारायला लागले. ह्यांनी आग्रह केला, मी केला. ते हसून मान डोलवत आणि आदल्या दिवशी रावजीला हार कसा शोभला ते सांगत. पुऱ्या बसल्या, आमटी निवली, माझा पारा चढला. साडेबाराचा भोंगा झाल्यावर म्हणाले, "आतां रावजी जेवले असतील," आणि एकही पुरी न टाकता सगळं संपवलं. त्यानंतर मी त्यांना नेहमी पाऊण वाजता बोलावू लागले.

मग मामा निवृत्त झाले.

शेवटच्या दिवशी पागेत एक रीत असते. जुना स्वार स्वतः खरारा करतो, खोगीर पुसून ठेवतो आणि लगाम नव्या स्वाराच्या हातात देतो. नवा स्वार मुरुगेसन नावाचा तरणाबांड मुलगा होता, ओरगडमकडच्या खेड्यातला, बैलांत वाढलेला. मामा घरी आले ते हार गळ्यात तसाच ठेवून ओट्यावर बसले. कमलाअम्मा कॉफी घेऊन आल्या तर म्हणाले, नको. दुसऱ्या दिवशी भोंगा झाल्यावर मात्र वेळेवर जेवले. तो नेम चालूच राहिला, फक्त आता रावजी जेवले की नाही ते त्यांना अंदाजानं ठरवावं लागे.

पंधरा दिवसांनी मुरुगेसन गल्लीत उभा राहिला. टोपी काखेत, चेहरा उतरलेला. मी खिडकीत होते, आणि एव्हाना मला तमिळ कळायला लागलं होतं. घोडा ऐकत नाही, असं त्याचं म्हणणं. टाच मारली की मान झटकतो, लगाम ओढला की उलटा फिरतो. आदल्या दिवशी तर माउंट रोडवर मधोमध जो उभा राहिला तो अर्धा तास हलला नाही. बसगाड्यांची रांग लागली, पोरं टाळ्या वाजवत होती. मुरुगेसननं समजावलं, ओरडून पाहिलं. शेवटी उतरून हातानं ओढत न्यावा लागला.

हे ऐकताना मामांच्या तोंडावर हसू फुटलं. मी ते नीट पाहिलं. पोराची फजिती झाली याचं नव्हतं ते. रावजीनं दुसऱ्या कुणाचं ऐकलं नाही, याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता.

पण मुरुगेसनचं सांगून झालं नव्हतं. महिनाअखेरीला घोड्यांची तपासणी होती. जनावरांचे डॉक्टर आणि साहेब बसून एकेक घोडा पाहणार, आणि रीजंटला नालायक ठरवायचं जवळजवळ ठरलंच होतं. वय तेरा, वर हट्टी. नालायक ठरलेल्या घोड्याचा लिलाव व्हायचा, आणि त्या वयाचा घोडा जटकेवाल्याखेरीज कोण घेणार? जटका म्हणजे तिकडचा छोटा टांगा. स्टेशनावरून सहासहा माणसं आणि त्यांच्या ट्रंका ओढणारे ते घोडे मामांना बघवत नसत. वाटेत जटका दिसला की ते मान फिरवून चालत, आणि मुलीच्या लग्नातही ते जटक्यात बसले नव्हते, मांडवापर्यंत पायी गेले होते.

मामांचं हसू विझलं. त्यांनी मुरुगेसनला उद्या ये म्हणून सांगून परत पाठवलं आणि तिथेच बसून राहिले. मी मागच्या दारानं जाऊन जवळ उभी राहिले तेव्हा माझ्याकडे न बघता बोलू लागले.

"त्यानें विचारलें होतें, अक्का. शेवटचे दिवशीं विचारलें. घोड्याशी काय बोलतां म्हणून. मी बोललों, कांही नाही, उगीच." मग म्हणाले, "मज वाटलें, तेवढें माझें राहूं दे. घरांत कोणास नको, तर रावजींपाशी राहूं दे. आतां त्यापायीं ते जटक्यास जातात."

एवढी वर्षं मी या माणसाच्या मराठीला हसत, सुधारत, मिरवत आले होते. त्यांना ते किती एकट्यानं सांभाळावं लागलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर शाळा भरू लागली. मुरुगेसन ड्यूटी संपवून यायचा, ड्यूटीच्या वहीत तमिळ अक्षरांत मराठी शब्द लिहून घ्यायचा आणि घोकायचा. चला. थांबा. सबूर. उजवीकडे सरा. लेकरं आहेत. मी कॉफी द्यायच्या निमित्तानं जायची आणि त्याचे उच्चार ऐकून माझी जीभ शिवशिवायची, पण मामांनी डोळ्यांनी दटावलं की गप्प बसायची. चार दिवसांत पोराला सगळं पाठ झालं. पाचव्या दिवशी येऊन म्हणाला, घोडा कान टवकारतो, पण करत काहीच नाही.

मामांनी त्याला म्हणून दाखवायला सांगितलं. मुरुगेसननं छाती काढून, कवायतीच्या मैदानावर ओरडतात तसं "चला रावजी" म्हटलं. समोरच्या घरातलं मांजर पळालं. मामांनी कपाळाला हात लावला. मग तमिळमध्ये विचारलं, तुझ्या घरी वडीलधारं कोण आहे. मुरुगेसन म्हणाला, ताता आहेत, म्हणजे आजोबा. आईबाप लवकर गेले, तातांनीच वाढवलं. तातांना सकाळी उठवतोस कसा, मामांनी विचारलं. पोरगं लाजलं. मग अगदी हळू, जरा वाकून, तमिळमध्ये म्हणालं, ताता, उठता का, उजाडलं.

"तसें," मामा म्हणाले. "तसें बोल रावजींशी."

रविवारी मामा त्याच्याबरोबर पागेत गेले, जवळ उभं राहून शिकवावं म्हणून. तासाभरात एकटेच परत आले. काय झालं ते मला संध्याकाळी मुरुगेसननं सांगितलं. मामांचा आवाज कानावर पडताच घोडा खुंटाला हिसके द्यायला लागला, त्यांच्या खांद्यावर तोंड टाकून उभा राहिला, आणि मग मुरुगेसनच्या तोंडून निघालेला एक शब्द त्यानं ऐकला नाही. मामा बाहेर गेले तरी त्यांचा आवाज येतो का म्हणून दाराकडे कान लावून होता. मुरुगेसन अजिजीनं म्हणाला, पेरियवर, म्हणजे थोरल्यांनी, जवळ राहावं पण बोलू नये.

मी मामांना म्हटलं, तुम्ही नुसते जाऊन उभे राहा. ते म्हणाले, उभा राहिलो तर बोलल्याशिवाय राहवणार नाही. आणि मग म्हणाले, "मी बोललों तर रावजी ऐकतील, अक्का. ते ऐकतील हीच तर अडचण."

ते पुन्हा पागेत गेले नाहीत. जाण्यायेण्याचा रस्तासुद्धा बदलला. पागेच्या भिंतीवरून त्यांचा खोकलाही आत जाऊ नये म्हणून ते बाजाराला लांबून वळसा घालून जात. ओट्यावरची शाळा चालू होती. मुरुगेसन रोज थोडं थोडं चांगलं सांगायचा. आज दहा पावलं मागे सरला. आज गर्दीत उभा राहिला. आज पाणी घ्या म्हटल्यावर प्यायला. मामा प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून घेत, आणि तो गेला की भिंतीवरच्या कॅनडाच्या स्वाराकडे बघत बसत.

तपासणीचा दिवस आला. सकाळपासून मामा ओट्यावर. साडेबाराचा भोंगा झाला. कमलाअम्मांनी पान मांडलं आणि हाक मारली, मामा हलले नाहीत. आज तपासणी आहे, दाणा केव्हा पडेल कुणास ठाऊक, एवढंच म्हणाले. एक वाजला, दोन वाजले. कमलाअम्मा चिडल्या, मग रडल्या, मग पान झाकून स्वतःही उपाशी बसल्या. मी तिकडेच होते. माझाही जीव टांगणीला लागला होता. काही झालं तरी तो एक घोडा होता, असं मी मनाला सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.

चारच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी मुरुगेसन दिसला. धावत नव्हता, सरळ चालत येत होता, त्यामुळे काहीच कळेना. ओट्यापाशी येऊन त्यानं टाचा जुळवल्या आणि मामांना सलाम केला. मग वहीत न बघता, एकेक शब्द जपून ठेवत म्हणाला,

"रावजी जेवले. तुम्ही जेवा."

वहीत हे वाक्य नव्हतं. ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं ते स्वतः जुळवलं होतं, आणि घोड्याखेरीज दुसऱ्या कुणाशी तो मराठी बोलला ते त्या दिवशी पहिल्यांदा. मामा उठले. त्याच्या डोक्यावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि आत जाऊन पानावर बसले. कमलाअम्मांनी वाढलं. मी घरी आमच्या खिडकीपाशी आले आणि पदरानं डोळे पुसले.

रावजी राहिला. पण त्या दिवसानंतर मामांना त्याच्यासमोर एक अक्षर बोलायची सोय राहिली नाही. त्यांनी स्वतःच हे ठरवून टाकलं होतं. घोड्याला आता मुरुगेसनच्या तोंडची मराठी लागली आहे, मध्येच आपला आवाज कानावर पडला तर तो पुन्हा बिथरेल, आणि पुढच्या तपासणीत कुणी ऐकून घेणार नाही. पाहायला जायची मात्र त्यांना बंदी नव्हती. रोज संध्याकाळी ते समुद्रावर जात आणि रस्त्याच्या बाजूच्या कठड्यामागे उभे राहत. तिथेच का, तर संध्याकाळी वारा समुद्राकडून येतो, मग आपला वास रावजीपर्यंत पोचत नाही. हा हिशोब त्यांनी मला फार गंभीरपणे समजावला होता.

मामांचं मराठी त्यानंतर आटत गेलं. माझ्याशी बोलायचे, नाही असं नाही. पण मी साताऱ्याहून आलेली, माझी मराठी नवी. त्यांची घोड्याशी बोलायची ती मराठी बोलायला कुणी उरलं नव्हतं. कधी कधी भांडी घासताना खिडकीतून दिसायचं, मामा ओट्यावर एकटे बसून ओठ हलवत आहेत. आवाज नसायचा.

वर्षभरानं ह्यांची पुण्याला बदली झाली. ज्या बातमीसाठी मी देव पाण्यात घालून बसले होते ती आली, आणि मला सामान बांधवेना. जायच्या आदल्या संध्याकाळी मामांचा निरोप घ्यायला गेले तर कमलाअम्मा म्हणाल्या, समुद्रावर. आम्ही बस पकडून तिकडे गेलो. हे रस्त्यावरच्या थांब्यापाशी थांबले आणि मी कठड्याकडे चालत गेले.

मामा नेहमीच्या जागी होते. खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला होता. मी तोंड उघडणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. वाळूच्या कडेनं रावजी येत होता. उन्हं उतरली होती, त्याचं अंग तांब्याच्या घंगाळासारखं लखलखत होतं. मुरुगेसन आता चांगला ऐटीत बसायला लागला होता. आमच्या समोर आल्यावर घोड्याची चाल मंदावली. वारा पडला होता की काय कोण जाणे. त्याचे दोन्ही कान आमच्या बाजूला वळले आणि तो थांबला. मामांनी टॉवेलचा बोळा तोंडावर दाबून धरला. त्यांचे डोळे भरून वाहत होते, पण आवाज आला नाही.

मुरुगेसननं आम्हाला पाहिलं असावं. त्यानं मान वळवली नाही. वाकून घोड्याच्या कानाशी म्हणाला, "चला रावजी. उशीर होतो." अगदी मामांच्या ढंगात, फक्त शेवट जरा तमिळ वळणानं वर चढलेला. रावजी क्षणभर तसाच उभा राहिला. मग चालू लागला.

थांब्यावरून ह्यांनी हात केला, बस आली होती. मी वाकून मामांना नमस्कार केला आणि म्हटलं, येते मामा. निघताना त्यांच्या तोंडून एक शब्द ऐकावा एवढीच माझी इच्छा होती. त्यांनी टॉवेल काढला नाही. दुसऱ्या हातानं घोड्याकडे बोट दाखवलं. घोडा पन्नास पावलांवर होता आणि त्याचे कान अजून मागे वळलेले होते. मी समजले. तरी दोन पळं उभी राहिले, मग ह्यांनी पुन्हा हाक मारली तशी धावत जाऊन बसमध्ये चढले.

आता पुण्यात उठल्यापासून झोपेपर्यंत कानावर मराठीच पडतं. एवढं पडतं की ऐकू येईनासं झालं आहे. "सबूर" म्हणणारं कुणी भेटत नाही. मामांना जाऊनही पुष्कळ वर्षं झाली, ते बाबूच्या इंग्रजी पत्रातून कळलं.

त्या संध्याकाळी माणसं भरेपर्यंत बस बराच वेळ उभी होती; सुटली तेव्हा मी खिडकीतून मागे पाहिलं. रावजी पार कूवम नदीच्या मुखाकडे पोचला होता, ठिपक्याएवढा दिसत होता. मामांनी तोंडावरचा टॉवेल काढला होता आणि ते त्याच्या दिशेनं काहीतरी बोलत होते. पुष्कळ बोलत होते. मला ऐकू आलं नाही.